उभी बाटली, आडवी बाटली

मी त्या अर्जावर सही केलेली नाही. का केली नाही हे तोंडी सांगायला गेलो की दर वेळी भांडण होतं, म्हणून लिहून काढतोय.

अर्ज साधा आहे. मुंबई-पुण्यातल्या, घरी बिअर करू पाहणाऱ्या काही जणांनी मिळून मसुदा केला. स्वतःच्या पिण्यापुरती बिअर घरी करायला महाराष्ट्रात कायदेशीर परवानगी मिळावी, एवढीच मागणी. ती मला शंभर टक्के मान्य आहे. अडलं ते तिसऱ्या परिच्छेदात. तिथं म्हटलंय की अर्जदार हे सुशिक्षित, नोकरदार, कर भरणारे नागरिक असून त्यांच्या या छंदाचा हातभट्टीशी कसलाही संबंध नाही. उलट हातभट्टीवर शासनानं आणखी कडक कारवाई करावी, अर्जदारांचा तिला पाठिंबाच राहील.

हे वाचत होतो तेव्हा माझ्या फ्रीजमध्ये, आईच्या दह्याच्या भांड्याशेजारी, एक काचेची बरणी होती. आत दोनशे मिली पिवळट पाणी आणि तळाला बोटभर पांढरा साका. महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे ती बरणी म्हणजे दारू आहे, आणि ती करणारा मी गुन्हेगार. हातभट्टीशी संबंध नाही म्हणणाऱ्या मित्रांना मला या बरणीपासूनच सुरुवात करून दाखवायचं आहे.

बरणीतला साका आला एका बाटलीतून. कंपनीच्या कामासाठी मी नऊ महिने म्युनिकला होतो. तिथं घरी बिअर करणं गुन्हा नाही. वर्षाला ठरावीक लिटरपर्यंत तर करही नाही. ऑफिसातल्या एकानं शिकवलं आणि मी तिथं चार वेळा बिअर केली. त्यातली एक फसली, एक बरी झाली, दोन चांगल्या झाल्या. परत येताना श्नायडर वाइसच्या दोन बाटल्या कपड्यांत गुंडाळून आणल्या. आपल्याकडे कारखान्यातून येणारी बाटलीतली बिअर जवळजवळ सगळी गाळलेली आणि पाश्चराइझ केलेली असते. तिच्यात जिवंत काही उरत नाही. बदलापूरच्या कुठल्याही वाइन शॉपमधली स्ट्राँग बिअर महिनाभर उभी ठेवा, तळाला काही बसणार नाही. श्नायडरसारख्या बिअरचं वेगळं असतं. तिचा शेवटचा आंबवणीचा टप्पा बाटलीतच होतो. बाटली बंद करताना आत थोडी साखर किंवा न आंबलेला गोड रस ठेवतात, यीस्ट तो खातं, त्याचा वायू बाहेर जाऊ शकत नाही म्हणून बिअरमध्येच विरघळतो, आणि पोट भरलेलं यीस्ट तळाशी जाऊन बसतं. पिणारे एक तर तो साका हलवून ग्लासात घेतात, नाहीतर बाटलीतच सोडून देतात. आमच्यासारखे तो जपून ठेवतात.

तो काढायची पद्धत सांगतो, कारण पुढचा सगळा वाद तिच्यात आहे.

बाटली फ्रीजमध्ये चार-पाच दिवस उभी ठेवायची. आडवी नाही. आडवी ठेवली तर साका कडेला पसरतो आणि ओतताना सगळा ग्लासात येतो. बाटली शक्यतो ताजी हवी आणि कमी अल्कोहोलची हवी. आठ-नऊ टक्क्यांच्या बिअरमध्ये महिनोन्‌महिने भिजत पडलेलं यीस्ट अर्धमेलं झालेलं असतं. पाच टक्क्यांच्या आसपास त्याची तब्येत बरी असते. आणखी एक खोच आहे. काही बिअर आंबवतात एका यीस्टनं आणि बाटलीत घालतात दुसरंच. त्यामुळे तळाला जे सापडलं त्यानंच ती चव आणली असेल असं नाही. हे आधी वाचून घ्यावं लागतं. श्नायडरच्या बाटलीत मात्र तिचं स्वतःचं यीस्ट असतं, असा घरी बिअर करणाऱ्यांचा जुना अनुभव आहे आणि माझाही आहे.

मग माल्टचा पातळ काढा करायचा. एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम माल्ट पावडर, पंधरा मिनिटं उकळायची, झाकण ठेवून गार करायचं. बिअर करताना याच्या दुपटीहून घट्ट रस लागतो, पण दमलेल्या यीस्टला पहिलं जेवण हलकं द्यावं. बाटलीचं तोंड लायटरच्या ज्योतीवर फिरवायचं, बिअर सावकाश ओतून घ्यायची (ती पिण्यासाठीच असते, टाकायची नाही), शेवटचा बोटभर भाग राहू द्यायचा. त्यात पन्नास-साठ मिली गार काढा घालायचा, तोंडावर उकळत्या पाण्यातून काढलेला फॉइलचा तुकडा सैल बसवायचा आणि वाट बघायची.

पहिले दोन दिवस काहीच होत नाही. तिसऱ्या दिवशी कडेला बारीक फेसाची रेघ दिसते. बाटली हलवली की खालून धूर उठल्यासारखा साका वर येतो, आणि तो आधीपेक्षा जाड झालेला असतो. मग ते सगळं दोनशे मिलीत, मग पाचशेत, मग दीड-दोन लिटरमध्ये. एकदम मोठ्या भांड्यात टाकलं तर थोड्या यीस्टला एवढं अन्न व्यापता येत नाही आणि तेवढ्यात दुसरे जंतू जागा धरतात. वीस लिटर बिअर आंबवायची तर दीड-दोनशे अब्ज पेशी लागतात. बाटलीच्या तळाशी त्याचा अगदी किरकोळ अंश असतो. दर टप्प्यावर वास घ्यायचा. पावासारखा, थोडा केळ्यासारखा, लवंगेसारखा आला तर ठीक. व्हिनेगर, जळकं प्लास्टिक किंवा वर बुरशी दिसली तर मन घट्ट करून मोरीत. मे महिन्यात बदलापूरच्या घरात हे करायचं तर थर्माकोलचा खोका आणि बर्फाच्या बाटल्या लागतात, नाहीतर यीस्ट तापून भलतेच वास सोडतं.

आईनं हे सगळं दोन आठवडे बघितलं आणि म्हणाली, ‘म्हणजे विरजणच की.’

यापेक्षा नेमका शब्द मला जर्मनीत कुणी दिला नव्हता. आमच्या गावात, म्हणजे स्टेशनच्या पश्चिमेला नदीच्या अंगाला जे जुनं बदलापूर गाव आहे तिथं, अजूनही काही घरांत दही बिघडलं की वाटी घेऊन शेजारी जातात. आमच्या दह्याचं विरजण समोरच्या काकूंचं, त्यांचं त्यांच्या माहेरचं. मूळ कुणाचं हे कुणी विचारत नाही. विरजण विकत द्यायचं नसतं, मागितलं तर नाही म्हणायचं नसतं.

बिअरचं यीस्टही जगभर असंच फिरलं आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गचा संस्थापक याकोब्सन यानं १८४५ मध्ये म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीतून यीस्ट नेलं. घोडागाडीच्या त्या लांबलचक प्रवासात ते तापू नये म्हणून वाटेत थांबून थांबून भांड्यावर गार पाणी ओतलं, अशी कथा सांगतात. १८८३ मध्ये त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यानं एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. पुढचं मला जास्त आवडतं. कार्ल्सबर्गनं ते तिजोरीत ठेवलं नाही, इतर ब्रुअऱ्यांना देऊन टाकलं. बेल्जियमची ड्यूव्हेल ही आज केवढी नावाजलेली बिअर, पण तिचं यीस्ट पहिल्या महायुद्धानंतर स्कॉटलंडहून मागून आणलेलं. आमच्या धंद्यात दुसऱ्याचा कोड उचलून पुढे नेण्याला फोर्क म्हणतात आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही. यीस्टच्या बाबतीत तर फोर्कशिवाय दुसरं काही नाहीच. बाटलीच्या तळाशी ठेवलेला साका हे एका अर्थी दार उघडं ठेवणंच असतं.

आता हे दार महाराष्ट्रात कुठं उघडतं ते बघा.

आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. आधी त्याच्या नावात मुंबई होतं, आता महाराष्ट्र आहे. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात मोरारजी देसाई गृहमंत्री असताना तो झाला. बंदी पुढे सैल झाली, कायदा तसाच राहिला. म्हणून आजही महाराष्ट्रात दारू प्यायला कागदोपत्री परवाना लागतो. माझ्याकडे आजीवन परवाना आहे, हजार रुपयांचा; बारमध्ये बसणाऱ्या बहुतेकांना तो असतो हेच माहीत नाही. या कायद्यात दारूच्या व्याख्येत अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव येतो. आणि तयार करणं म्हणजे काय, तर जिच्यातून ती वस्तू तयार होते अशी कुठलीही प्रक्रिया, मग ती नैसर्गिक असो वा कृत्रिम. बाराव्या कलमानं तयार करणं आणि बाळगणं दोन्ही बंद. ज्याला परवाना त्यालाच सूट. शिक्षेत कैदही आहे आणि दंडही.

नैसर्गिक असो वा कृत्रिम! हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं यीस्टला न विचारता यीस्टवरच गुन्हा दाखल केला. माझ्या बरणीत माल्टची साखर खाऊन यीस्टनं जे केलं त्यात दीड-दोन टक्के अल्कोहोल नक्की असेल. प्यायचा विचार नाही. वरचं पाणी मी ओतून देतो आणि साक्याचे पाव करतो. पण कायद्यात हेतूची चौकशी नंतर येते. दुपारपर्यंत ऊन लागलेली नीराही या व्याख्येत बसते. गोव्यातले पोदेर पिढ्यान्‌पिढ्या माडाच्या सुरेनं पाव फुगवत आले आणि वसईच्या ईस्ट इंडियन घरांत फुग्यांच्या पिठात ताडी पडायची. ती सगळी मंडळी या व्याख्येपुढे माझ्याच रांगेत उभी राहतील.

मसुदा लिहिणाऱ्या मित्रांना हे पाठ आहे. त्यावर विनोद करायला त्यांना आवडतं. १९६३ पासून ब्रिटनमध्ये घरच्या बिअरला परवाना लागत नाही, १९७८ मध्ये जिमी कार्टरनं सही केल्यावर अमेरिकेतही ती करमुक्त झाली, मग आपण अजून मोरारजींच्या काळात का, असं ते विचारतात. बरोबर आहे. पण त्यांची महाराष्ट्राची गोष्ट १९४९ ला सुरू होते आणि २००९ ला पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी उघडली तिथं उजाडते. माझं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथं ही गोष्ट बरीच आधी सुरू झाली आहे.

१८७८ मध्ये मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. त्याआधी ताडीचं झाड, मोहाचं फूल आणि घरची भट्टी हा गावचा, पाड्याचा व्यवहार होता. इंग्रजांना त्यातून महसूल हवा होता, आणि हजार पाड्यांवरच्या हजार चुलींवर कर बसवणं अवघड. म्हणून घरच्या भट्ट्या बंद करून मोजक्या ठेकेदारांच्या मोठ्या भट्ट्या आणल्या, ताडीच्या झाडागणिक कर लावला. लोक मोहाची फुलं घरी ठेवून गुपचूप दारू काढत राहिले, म्हणून १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा केला. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधन. म्हणजे जंगलात झाडाखाली पडलेलं, आदिवासी बायका पहाटे उठून वेचतात ते फूल, घरात आणलं की संशयाची वस्तू. त्या वेळी बदलापूर ठाणे जिल्ह्यातच होतं. इथून मुरबाड-कर्जतकडच्या डोंगरात ठाकूर आणि कातकरी वाड्या तेव्हाही होत्या.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यानं मोहफुलांवरची नजर काढली नाही, वर नासक्या गुळाचीही व्याख्या करून ठेवली. कायद्यात नासका गूळ! २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करण्यावरची आणि बाळगण्यावरची बंधनं उठवली. फूल एवढ्या वर्षांनी सुटलं. फुलाचं सगळ्यात जुनं काम अजून गुन्हाच आहे.

आता भाषा बघा. स्थानिक बातम्यांत हातभट्टीवरच्या धाडीची बातमी नियमानं येते, आणि तिच्यात एक शब्द ठरलेला असतो: रसायन. इतके हजार लिटर रसायन नष्ट केलं. गडचिरोलीकडे मोहसडवा म्हणतात. हे रसायन म्हणजे काय? गूळ, पाणी, क्वचित नवसागर, आणि यीस्ट. पिंपात आंबत ठेवलेला गोड रस. माझ्या म्युनिकच्या स्वयंपाकघरात जे पातेलं होतं त्यात माल्ट होतं, या पिंपात गूळ आहे. दोन्हीकडे साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू सोडणारा जीव एकाच जातीचा. मसुद्यातल्या मित्रांच्या बादलीत तो द्रव असतो तेव्हा त्याला वर्ट म्हणायचं, नाल्याकाठच्या पिंपात असतो तेव्हा रसायन. एकाचा फोटो इन्स्टाग्रामवर जातो, दुसऱ्याचा पंचनाम्यात.

स्टेशनबाहेर जूनमध्ये जांभळं घेऊन बसणाऱ्या एका मावशींशी माझी दोन-तीन वर्षांची ओळख आहे. वाडी डोंगराकडे. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन आहे, पण ते जांभूळ दोन दिवसांच्या वर टिकत नाही हे मानांकनानं बदललेलं नाही. संध्याकाळी उरलेली पाटी त्या पडेल भावात देऊन टाकतात. मी एकदा सहज म्हटलं, याची वाइन चांगली होईल. फळाच्या सालीवर रानटी यीस्ट असतंच, बाहेरून फार काही घालावं लागणार नाही. त्या हसल्या. त्यांच्या दिरावर दोन वर्षांपासून केस आहे, गुळाच्या दोन पिंपांची. ‘तारीख असली का रोज बुडतो, दादा. वकील म्हनतो सुटंल. कवा सुटंल?’ मी काही बोललो नाही. माझ्या घरातली बरणी मला तेव्हा आठवली, आणि माझ्या घरी कुणी येणार नाही हेही.

मला इथं थांबून कबूल केलं पाहिजे की दिराच्या पिंपातला माल पुढे भट्टीवर चढणार होता आणि विकला जाणार होता. तो छंद नव्हता, धंदा होता. बिअर नुसती आंबवायची असते, हातभट्टीची दारू उकळून तिची वाफ पकडायची असते. मसुदावाले हाच फरक पुढे करतात. आंबवणं सुरक्षित, गाळप धोकादायक. आम्ही पहिल्यातले, ते दुसऱ्यातले. त्यात तथ्य आहे. आग असते, कडकपणा मोजलेला नसतो. पण पुढे ते मालवणीचं नाव घेतात आणि तिथं मी अडवतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं विषारी दारूनं मेली. ती गुळाच्या पिंपातल्या यीस्टनं मारली नाहीत. मिथेनॉलनं मारली, आणि असं मिथेनॉल कारखान्यांच्या पुरवठ्यातून येतं, स्वस्तात नशा वाढवायला कुणीतरी मिसळतं. गूळ किंवा धान्य आंबवून माणूस मरेल एवढं मिथेनॉल तयार होत नाही. आंबायला आठवडा लागतो, वास येतो, पिंपं लपवावी लागतात, धाड पडते. औद्योगिक रसायनाचा कॅन आणून पाणी घालायला अर्धा तास पुरतो. पिंपं फोडत राहिलं की धंदा कुठल्या बाजूला सरकेल? खरं रसायन ते आहे आणि बातमीत त्या शब्दाखाली गूळ सडतो आहे.

शिवाय फरक आंबवणं आणि गाळणं एवढाच असता तर मसुद्यात तसं लिहिता आलं असतं. तिथं लिहिलंय सुशिक्षित, नोकरदार, कर भरणारे. हे द्रवाचं वर्णन नाही. आणि आंबवण्याचंच म्हणाल तर ताडी आहे, मावशींच्या जांभळाची होऊ शकणारी वाइन आहे; त्यांचं नावही मसुद्यात नाही. फक्त बिअर. जिला साच, हॉप्स, माल्टचे इंग्रजी शब्द लागतात तीच. द्राक्षाच्या वाइनसाठी याच राज्यानं २००१ मध्ये धोरण आणलं, कारखान्यांना सवलती दिल्या. २०२२ च्या जानेवारीत ती सुपरमार्केटात ठेवायचा निर्णय झाला तेव्हा सरकारनं शेतकऱ्यांच्या भल्याचा दाखला दिला होता. विरोध झाला आणि तो निर्णय बारगळला, तो भाग वेगळा. पण शेतकऱ्याच्या द्राक्षाचं भलं होतं आणि कातकऱ्याच्या जांभळाचं, मोहाचं होत नाही, हे कुठल्या वनस्पतिशास्त्रात लिहिलंय?

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र मित्रांचा नाही, आईचा आहे.

माझे मोठे काका दारूनं गेले. पंचेचाळिसाव्या वर्षी. काकूंनी दागिने विकले, मग भांडी, मग आमच्या घरी येऊन राहिल्या. आईला मी यीस्टवर कितीही बोललो तरी ती एवढंच म्हणते, की पावापुरतं ठीक आहे, बिअर या घरात व्हायची नाही. आणि गावागावांत बायकांनी मतदान करून दुकानं बंद पाडली आहेत हे मला माहीत आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. गडचिरोलीत तर १९९३ पासून जिल्हाच बंद आहे आणि तो लोकांनी लढून बंद करून घेतला, त्यात आदिवासी बायका पुढे होत्या. तेव्हा आदिवासी आणि दारू असं गोड चित्र रंगवून मी त्या बायकांच्या तोंडावर माझा छंद फेकणार नाही. ज्या दिवशी मला म्युनिकमध्ये तिसरी बाटली उघडावीशी वाटली त्या दिवशी मला काका आठवले होते.

पण आडव्या बाटलीचा नियम काय म्हणतो तेही पाहा. तो दुकानाबद्दल आहे. परवान्याचं, सरकारमान्य, कर भरणारं दुकान. काका जे प्यायले ते त्याच दुकानातलं होतं, बाटलीवर लेबल होतं, शासनाला त्यातून महसूल मिळाला होता. घरी आंबवलेल्या चार टक्क्यांच्या कशानंही त्यांना मारलं नाही. जे घरी होतं त्याला हंगाम असतो, कष्ट असतात, आठवडे लागतात. जे दुकानात मिळतं त्याला फक्त खिशात पैसे लागतात. सरकारनं पहिलं बंद ठेवलं आणि दुसऱ्यातून तिजोरी भरली. हे १८७८ चंच गणित आहे, फक्त ठेकेदार बदललाय. बायकांना दुकान बंद करायचा अधिकार हवाच. तो गावपातळीवर राहू द्या, घरच्या आंबवणीलाही लावा. एखाद्या वाडीतल्या बायकांनी ठरवलं की इथं पिंप नको, तर नको. ते त्यांनी ठरवणं आणि एका गाडीनं येऊन पिंप फोडून दिराला नेणं, यात मला फार मोठा फरक दिसतो. आईला हे पटलेलं नाही. तिला न पटण्याचा पूर्ण अधिकार आहे, भांडी तिच्या समोरून गेली होती.

तर मी मसुद्याला उलटी दुरुस्ती सुचवली. तिसरा परिच्छेद काढा. त्या जागी लिहा की स्वतःच्या घरासाठी, विक्रीसाठी नाही, ठरावीक मर्यादेपर्यंत कुठलंही फळ, फूल, धान्य, गूळ किंवा रस आंबवणं हा गुन्हा नसावा, आणि करणाऱ्याचं शिक्षण, नोकरी, पत्ता विचारला जाऊ नये. मोहाच्या घरगुती गाळपासाठी आदिवासींना वेगळी सूट मागा. मध्य प्रदेशात ती आहे आणि तिथं मोहाच्या दारूला आता वारसा दारू म्हणून बाजारही देऊ केलाय. गोव्यानं काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळवून दिलं, आसामच्या जुडिमाला मिळालं. इथं फळाला मानांकन आणि फळ आंबवणारीला तारीख.

उत्तर आलं की मुद्दा नैतिकदृष्ट्या बरोबर आहे, पण व्यूहरचना म्हणून चुकीचा आहे. आधी आपलं सुटू दे, मग त्यांचं बघू. हातभट्टीचं नाव जोडलं तर मंत्रालयात कुणी फाइल उघडणार नाही. मला हे खोटं वाटत नाही. फाइल कदाचित खरंच उघडणार नाही. पण ‘आधी आपलं’ सुटल्यावर ‘त्यांचं’ बघायला कोण परत आलंय, याचं एक उदाहरण मी त्यांच्याकडे मागितलं आहे. द्राक्षवाल्यांचं सुटून दोन दशकं उलटली.

शिवाय ही सूट मिळाली तर मी तिचं काय करणार आहे? विरजण मागून आणायचं आणि देणाऱ्याच्या घराकडे बोट दाखवून पोलिसांना पत्ता सांगायचा, असला तो तिसरा परिच्छेद आहे. साखरेचा रस उघडा ठेवला की तो आंबतो आणि तळाचा साका पुढच्या खेपेला चालतो, हे ज्ञान म्युनिकच्या आधी माझ्याच जिल्ह्यातल्या लोकांना होतं. तेच ज्ञान मी विमानानं जाऊन शिकून आलो.

मसुदा अजून फिरतो आहे. शेवटचं कळलं तेव्हा बत्तीस सह्या झाल्या होत्या. ‘कडक कारवाई’मधला ‘कडक’ काढायला ते तयार आहेत, असा निरोप आला. मी कळवलं की ‘कारवाई’ही काढा. त्यावर दोन निळ्या टिक आहेत, उत्तर नाही.

बरणीतलं यीस्ट दीड-दोन महिन्यांनी उपाशी मरायला लागतं, त्याला नवा काढा द्यावा लागतो. या रविवारी देणार आहे. समोरच्या काकूंना परवा त्यातला अर्धा साका वाटीतून दिला. त्यांच्या सुनेला पाव करून बघायचे आहेत. श्नायडरची दुसरी बाटली फ्रीजच्या दारात उभीच आहे.